ही चाल मूळची कुणाची?

व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या घरांत दोनच विषय निघतात, डोळ्यांचा नंबर आणि परीक्षेचे गुण. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत, पण त्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला आज त्याच खेळांच्या एका वेगळ्या बाजूविषयी लिहायचे आहे. खेळ बंद होतो, पडदा काळा होतो, तरी मुलाच्या ओठांवर एक चाल राहते. दप्तर भरताना, सायकल पुसताना तो ती गुणगुणत असतो. ही चाल कुणीतरी बांधलेली असते. आणि जगभर हजारो हौशी माणसे अशी आहेत, की जी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या या चाली घेऊन त्या नव्याने बांधतात. कुणी पियानोवर, कुणी गिटारवर, कुणी पूर्ण वाद्यवृंदासाठी, आणि बहुतेक जण पदरमोड करून. या कामाला ते रीमिक्स म्हणतात, कुणी अरेंजमेंट म्हणतात.

आम्ही माध्यमिक शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. नववीच्या वर्गाला एकदा सहज विचारले, इअरफोन लावून काय ऐकता? सिनेमाची गाणी, नात, कव्वाली ही उत्तरे अपेक्षित होती आणि तीही आली. पण चार-पाच जण म्हणाले, "सर, मारिओ." खेळ नव्हे, खेळाचे संगीत. तेही मूळचे नव्हे, कुणीतरी पियानोवर वाजवलेले. तो खेळ १९८५ सालचा, म्हणजे या मुलांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. त्यांतल्या दोघांनी तर तो कधी खेळलेलाही नव्हता.

संगीत ऐकावे की नाही, कोणते वाद्य चालेल आणि कोणते नाही, याबद्दल आपल्या घराघरांत मते वेगवेगळी आहेत. तो मसला सोडवणे उलमांचे काम आहे, शाळामास्तराचे नाही. पण मुले ऐकत आहेत, आणि त्यांतली काही स्वतः बनवूही लागली आहेत. ती काय बनवतात हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे, म्हणून हे लिहीत आहोत.

उर्दू जाणणाऱ्या घराला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. तरही मुशायऱ्यात काय होते? एक मिसरा आधी जाहीर केला जातो. त्याला मिसरा-ए-तरह म्हणतात. त्याच बहरमध्ये, त्याच काफिया-रदीफमध्ये प्रत्येक शायराने आपली गझल बांधून आणायची. जमीन एकच, पीक प्रत्येकाचे वेगळे. ऐकणाऱ्याला मूळ मिसरा माहीत असतो, म्हणून तर नव्या शायराने त्याचे काय केले हे त्याला कळते आणि दाद द्यावीशी वाटते. तजमीन हा याहूनही जवळचा प्रकार. दुसऱ्याच्या शेराला आपल्या ओळी जोडायच्या, आणि अशा जोडायच्या की मूळ शेर उपरा वाटू नये. पण छापताना मूळ शेर अवतरणचिन्हांत येतो आणि शायराचे नाव दिले जाते. ते नाव गाळले तर ती तजमीन राहत नाही, चोरी होते. गेमच्या रीमिक्सची सगळी गंमत आणि सगळे भांडण याच एका मुद्द्याभोवती फिरते.

या मूळ चाली कशा जन्मल्या ते आधी पाहू. १९८२ साली अमेरिकेत कमोडोर ६४ नावाचा घरगुती संगणक आला. त्यात आवाजासाठी सिड नावाची चिप होती, बॉब यानेस या अभियंत्याने घडवलेली. तिला एका वेळी तीनच सूर काढता येत. म्हणजे हार्मोनियमवर फक्त तीन बोटे. त्यातच धून, त्यातच खर्ज, त्यातच ठेका, आणि मध्येच गोळी सुटल्याचा आवाज हवा झाला तर त्यातलेच एक बोट उचलून द्यायचे. रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे अशा ब्रिटनमधल्या संगीतकारांनी या चिपला बोलते केले. सुरांचा मेळ एकदम वाजवायला बोटे पुरत नाहीत ना, मग तेच सूर एकाच बोटाने एकामागून एक इतक्या झपाट्याने वाजवायचे की कानाला ते एकत्रच वाटावेत. त्या काळच्या गेममध्ये जो थरथरता, बुडबुड्यांसारखा आवाज ऐकू येतो तो या युक्तीचा. नड म्हणून केलेली गोष्ट पुढे शैली झाली. आज ज्यांच्याकडे शेकडो वाद्यांचे आवाज एका लॅपटॉपमध्ये आहेत, तेही मुद्दाम तो थरथराट वापरतात.

जपानमध्ये निन्टेंडो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम हे यंत्र आणले. त्यात आवाजाच्या पाच वाटा होत्या. दोन वाटांवर कर्कश चौकोनी लहर, एकीवर मऊ त्रिकोणी लहर, एकीवर नुसता खरखराट, आणि पाचवी ध्वनिमुद्रित केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी. त्रिकोणी लहरीतून खर्ज काढायचा, खरखराटातून ढोल आणि झांज. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाचे संगीत कोजी कोंडो यांनी या वाटांवर बसवले. तो अख्खा खेळ, चित्रांसकट, चाळीस किलोबाइटांत मावत होता. शुक्रवारी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे जुमा मुबारकचे एखादे चित्र त्याहून मोठे असते.

आमच्या पिढीला हे संगीत भेटले ते आडवाटेने. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला आपल्याकडच्या बाजारात आल्या. टीव्हीला जोडायचे यंत्र, त्यात खुपसायची पिवळी कॅसेट, कॅसेटवर '९९९९ इन १' असा दावा आणि आत फिरून फिरून तेच दहा-बारा खेळ. चालेनाशी झाली की कॅसेट काढून फुंकर मारायची. गल्लीत ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या घरी ईदच्या दुपारी मुलांची रांग. ज्याच्या घरी नाही, त्याची ईदी पार्लरमध्ये तासाच्या भाड्यावर जायची. त्या नकली कॅसेटींपैकी कित्येकींवरून मूळ कंपनीचे नावही पुसलेले असे. मग संगीतकाराचे नाव कुठून दिसणार? 'कॉन्ट्रा'ची सुरुवातीची धून आजही आमच्या वयाच्या माणसाला ऐकवा, तो दोन सेकंदांत ओळखेल. ती कुणाची, हे विचारून पाहा.

पण नाव पुसण्याचा दोष एकट्या नकलाकारांवर टाकता येत नाही. खुद्द जपानमध्ये ऐंशीच्या दशकात अनेक कंपन्या आपल्या कलावंतांची खरी नावे दाखवत नसत. दुसरी कंपनी आपली माणसे पळवील ही भीती. खेळ पूर्ण केल्यावर जी नामावळी दिसते तिच्यात टोपणनावे येत. १९८७ सालच्या 'मेगा मॅन'चे संगीत मानामी मात्सुमाए या तरुणीने दिले. नामावळीत ती 'चान्चाकोरिन मानामी' आहे. आता तखल्लुस आपल्याकडेही असते, पण ते शायर स्वतः निवडतो आणि मक्त्यात मिरवतो. धन्याच्या भीतीपोटी लावलेला बुरखा ही वेगळी गोष्ट झाली. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर टू' या मारामारीच्या खेळाचे बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचे आहे, हे आज आपण सहज सांगू शकतो. (मारामारीच्या खेळाचे संगीत एका मुलीने बांधले, हे आमच्या वर्गातल्या मुलांना पटकन खरे वाटले नाही. मुलींना लगेच वाटले.) टोपणनावांमागची खरी माणसे शोधणे, कोणत्या खेळातली कोणती चाल कुणाची याच्या याद्या जुळवणे, हे किचकट काम मोठ्या प्रमाणात चाहत्यांनीच केले आहे. त्याचे त्यांना कुणी पैसे दिले नाहीत.

एक चाल तर अशी आहे, की तिचा मागोवा घेताना आपण गेमच्या बाहेरच जाऊन पडतो. 'टेट्रिस' या ठोकळ्यांच्या खेळाची ती प्रसिद्ध धून मुळात गेमसाठी बांधलेलीच नाही. ते 'कोरोबेइनिकी' नावाचे रशियन लोकगीत आहे. या शब्दाचा अर्थ फेरीवाले, पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव माल विकणारे. त्याचे शब्द कवी निकोलाय नेक्रासोव्ह यांच्या १८६१ सालच्या कवितेतले. १९८९ साली निन्टेंडोच्या गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी हिरोकाझू तानाका यांनी ती चाल चार वाटांवर बसवली आणि ती जगभर गेली. तेव्हा 'टेट्रिस'चा रीमिक्स करणारा आजचा मुलगा खरे तर रीमिक्सचा रीमिक्स करीत असतो. कवितेपासून लोकगीतापर्यंत, लोकगीतापासून चिपपर्यंत आणि चिपपासून त्याच्या खोलीपर्यंत अशी ही साखळी आहे. अशा साखळीत प्रत्येक कडी कुणाची हे लिहून ठेवणारा माणूस लागतो. हदीसचा सनद हा शब्द इतक्या हलक्या विषयात वापरायला आम्ही धजणार नाही, पण शागिर्द आपल्या उस्तादाचे आणि उस्तादाच्या उस्तादाचे नाव सांगतो ती आपल्याकडच्या गवयांची रीत इथे आठवते.

गेमच्या संगीताची आणखी एक अडचण आहे, आणि रीमिक्स करणाऱ्याची खरी कसोटी तिथेच लागते. सिनेमाच्या गाण्याला शेवट असतो. गेमच्या चालीला नसतो. खेळणारा एका टप्प्यावर अर्धा मिनिट राहील की अर्धा तास, हे संगीतकाराला कळायला मार्ग नाही. म्हणून तो मिनिटाभराची चाल अशी बांधतो की तिचे शेपूट तिच्याच तोंडाला मिळावे आणि ती फिरत राहावी. वर ती शंभर वेळा ऐकूनही डोके उठू नये, ही दुसरी अट. हे फार अवघड काम आहे आणि जुन्या संगीतकारांनी ते थोरपणे केले. पण जो या चालीचा रीमिक्स करतो, त्याला तिला मतला द्यावा लागतो आणि मक्ताही द्यावा लागतो. चाल कुठून निघाली, कुठे चढली, कुठे थांबली, हे त्याने ठरवायचे. नवशिक्यांच्या रचना बहुतेक इथेच फसतात. आवाज चकचकीत, ठेका जोरात, आणि शेवटी काय करावे ते न सुचल्याने आवाज हळूहळू कमी करून सोडून दिलेला. आमच्याकडे निबंध लिहिणारी मुलेही शेवटच्या परिच्छेदात हेच करतात.

या हौशी कामाला शिस्त लावणाऱ्यांत ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स या मंडळींचे नाव आधी घ्यावे लागते. १९९९ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत डेव्हिड लॉइड या तरुणाने हा उपक्रम सुरू केला. आज त्यांच्या संग्रहात चार हजारांहून अधिक रचना आहेत आणि त्या सगळ्या मोफत ऐकता येतात. आलेली प्रत्येक रचना घेतली जात नाही. परीक्षक ती ऐकतात, आपसांत चर्चा करतात. त्यांचा निकष दुहेरी आहे. मूळ चाल ओळखू आली पाहिजे, आणि करणाऱ्याने स्वतःचे काही घातलेले असले पाहिजे. नुसती नक्कल आणली तर नापास, आणि मूळ चाल सापडेनाशी झाली तरी नापास. तरही गझलेचा निकष याहून काय निराळा असतो? नाकारलेल्या रचनांची कारणेही लेखी दिली जातात. पेपर तपासणाऱ्या आम्हा लोकांना याचे विशेष कौतुक वाटते. लाल रेघ मारणे सोपे, रेघ का मारली ते लिहिणे वेळखाऊ. आणि संग्रहात घेतलेल्या प्रत्येक रचनेसोबत खेळ कोणता, मूळ चाल कोणती, तिचा संगीतकार कोण आणि नव्याने बांधणारा कोण, ही चारही नावे नोंदवलेली असतात.

या नोंदींचा परिणाम हळूहळू दिसू लागला. २००८ साली कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर टू'ची नवी आवृत्ती काढली तेव्हा तिचे संगीत याच हौशी मंडळींकडून घेतले. जी चाल ऐकत ती मुले मोठी झाली, तीच चाल नव्याने बांधून देण्याचे काम कंपनीने त्यांच्या हाती दिले. पण सगळेच इतके सरळ होत नाही. १९९४ सालच्या 'फायनल फँटसी सिक्स' या खेळाचे संगीत नोबुओ उएमात्सु यांचे. हे गृहस्थ स्वशिक्षित, संगीताच्या विद्यालयात गेलेले नाहीत. त्या वेळच्या यंत्रात आवाजांसाठी आठ वाटा आणि चौसष्ट किलोबाइट जागा होती. एवढ्यात त्यांनी त्या खेळात चक्क ऑपेराचा एक प्रवेश घातला. माणसाचा गळा त्या यंत्राला झेपणारा नव्हता, म्हणून चिपने गळ्यासारखा एक अस्पष्ट आवाज काढायचा आणि शब्द पडद्यावर उमटायचे. ऐकणाऱ्याने गायिका मनात ऐकायची. पुढे खऱ्या गायिकांनी वाद्यवृंदाबरोबर तो भाग गायला. २०१२ साली ओव्हरक्लॉक्ड रीमिक्सच्या मंडळींनी या खेळातल्या संपूर्ण संगीताचा नवा संग्रह करायचे ठरवले आणि लोकांकडून वर्गणी मागितली, तेव्हा हक्कदार कंपनीने हरकत घेतली. बोलणी झाली, मार्ग निघाला, आणि २०१३ साली ७४ रचनांचा तो संग्रह मोफत प्रसिद्ध झाला. मोफत हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कंपन्या बहुधा हौशी कामाकडे काणाडोळा करतात तो तिथे पैशांचा व्यवहार नसतो तोवरच, आणि काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे.

एव्हाना हे संगीत मानाच्या जागीही पोचले आहे. २०२२ साली द एट-बिट बिग बँड या जॅझ वाद्यवृंदाला 'मेटा नाइट्स रिव्हेंज' या रचनेच्या मांडणीसाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मूळ चाल १९९६ सालच्या 'कर्बी' मालिकेतल्या एका खेळातली. पुरस्कार चालीला नव्हे, तिच्या मांडणीला, हे लक्षात घ्यावे. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या आपल्या राष्ट्रीय यादीत मारिओची धून घेतली. गेमचे संगीत त्या यादीत प्रथमच आले, आणि तिथे कोजी कोंडो हे नाव लिहिलेले आहे.

आता आपल्या घरांशी थेट येऊन भिडणारी गोष्ट.

मागच्या वर्षी पालकसभेनंतर एक आपा मुलीला घेऊन थांबल्या. मुलगी नववीत, अभ्यासात बरी, लॅपटॉपवर गेमच्या चाली बांधायचा नाद. आपांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "सर, तुम्हीच ऐका हे. ही पोर गेमच्या गाण्यात कलाम मिसळते. हिच्या अब्बांना कळलं तर घरात लॅपटॉप राहणार नाही."

मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मी नाही मिसळला, अम्मी. तो आधीपासूनच होता."

आम्ही तिघांनी ते शिक्षकखोलीत बसून ऐकले. मुलीचे म्हणणे खरे होते. तिने घेतलेली चाल होती 'द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम' या १९९८ सालच्या खेळातली. त्यात अग्निमंदिर नावाचा एक टप्पा आहे. त्या टप्प्याच्या संगीतात, खेळाच्या पहिल्या आवृत्त्यांत, पुरुषांच्या आवाजातले अरबी शब्द ऐकू येतात, आपल्या इबादतीतले. संगीत पुन्हा कोजी कोंडो यांचे. त्यांनी कुणाला दुखवायला हे केले असे समजायला काहीच आधार नाही. त्या काळी आवाजांच्या तयार तुकड्यांच्या तबकड्या विकत मिळत: इतके ढोल, इतक्या बासऱ्या, इतके 'पूर्वेकडचे' गळे. त्यातलाच एक तुकडा उचलला गेला. ज्याने उचलला त्याच्या लेखी तो गूढ वाटणारा एक आवाज होता, शब्द नव्हतेच. खेळाच्या नंतरच्या आवृत्त्यांत तो भाग काढून तिथे यंत्राने तयार केलेला समूहस्वर घातला गेला. पण जुन्या आवृत्तीतला तुकडा चाहत्यांकडे राहिला आणि तो रीमिक्समध्ये आजही फिरतो. करणाऱ्यांतल्या बहुतेकांना तो काय आहे याची कल्पना नसते. आमच्या मुलीलाही नव्हती, कारण ठेक्याखाली शब्द दबलेले होते. स्वयंपाकघरातून ते ओळखले ते आईने.

याच्याशेजारी दुसरा प्रसंग ठेवून पाहावा. २००८ च्या ऑक्टोबरात सोनी कंपनीचा 'लिटल बिग प्लॅनेट' हा खेळ बाजारात यायचा होता. तबकड्या दुकानांकडे रवानाही झाल्या होत्या. एका मुस्लिम खेळाडूच्या लक्षात आले, की त्यातल्या एका गाण्यात कुरआन शरीफच्या आयतींचे शब्द आहेत, सूरह आले-इमरान आणि सूरह रहमान यांतले. त्याने कंपनीला सभ्य शब्दांत कळवले. कंपनीने तबकड्या परत मागवल्या, खेळ पुढे ढकलला आणि गाण्याच्या जागी नुसती वाद्यांची धून घातली. पण ते गाणे होते तुमानी दियाबाते यांचे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे हे कलावंत स्वतः मुसलमान, एकवीस तारांचे कोरा हे वाद्य वाजवणाऱ्या पिढीजात घराण्यातले. त्यांच्या समाजात दीनचे शब्द असलेली गाणी गाणे रूढ आहे, ही बाजूही तेव्हा मांडली गेली.

दोन्ही प्रसंग वर्तमानपत्री भाषेत एकाच मथळ्याखाली टाकले जातात, 'गेममध्ये धार्मिक शब्द, वाद' असे. आमच्या मते त्यांत मोठा फरक आहे. दियाबातेंना आपण काय गातो हे पक्के माहीत होते आणि गाण्यावर त्यांचे नाव होते. ते पटो वा न पटो, विचारायला माणूस होता. तबकडीवरच्या त्या गळ्याला मात्र नाव नाही. तो कोण होता, कुठे उभा राहून ते शब्द म्हणत होता, आपला आवाज राक्षसांच्या गुहेतल्या संगीतात जाणार हे त्याला कुणी सांगितले होते का, काहीच त्या खेळात नोंदलेले नाही. दुसऱ्याची इबादत केवळ आवाज म्हणून वापरली गेली, ती अशी नाव पुसले गेल्यावरच. शब्द कुणाचे आणि कशासाठी, हे विचारायची सवय असती तर तो तुकडा उचलणाऱ्याचा हात थांबला असता.

ती मुलगी समजूतदार निघाली. आम्ही तिला 'हे पुसून टाक' असे सांगितले नाही. तिने स्वतःच विचारले, "सर, तो भाग काढला तर चाल उरते का?" हा फार चांगला प्रश्न आहे. काढून पाहिला. चाल उरली, पण मधोमध खड्डा पडला. त्या जागी काय घालायचे यावर तिने दोन आठवडे घालवले.

पालकांना थोडे व्यवहाराचे. मुलाला याचा नाद लागला असेल तर महागडे काही विकत घ्यायची गरज नाही. एलएमएमएस, ऑडॅसिटी, म्युझस्कोअर ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. पहिल्यांदा त्याला चाल कानाने ऐकून उतरवून घेऊ द्या. तयार फाइल उतरवून तिच्यावर ठेका चिकटवणे यात शिकण्यासारखे काही नाही, ते गाइड बघून उत्तर लिहिण्यासारखे आहे. वेळेचे बंधन जसे खेळाला तसे यालाही हवेच, कारण 'बनवतोय' म्हणून रात्री दोनपर्यंत जागणारी मुलेही आम्ही पाहिली आहेत. तयार आवाजांचा तुकडा वापरला असेल, विशेषतः मानवी गळ्याचा, तर तो काय म्हणतो आहे हे कळल्याशिवाय तो ठेवू देऊ नका. भाषा अरबी असो, संस्कृत असो की आफ्रिकेतली कुठली. आपल्याला आपल्या कलामाबद्दल जे वाटते तेच दुसऱ्याला त्याच्या मंत्राबद्दल वाटते.

कायद्याचेही जाणून घ्यावे. आपल्या देशातला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. एखाद्या रचनेचे रूपांतर करण्याचा हक्क हक्कदाराकडे असतो. घरात खासगी अभ्यासासाठी चाल बसवणे वेगळे आणि ती जगापुढे ठेवून तिच्यावर पैसे मिळवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीसाठी परवानगी लागते. याच कायद्याचे कलम ५७ आमच्या फार आवडीचे आहे. कर्त्याने आपले हक्क विकून टाकले तरी 'ही रचना माझी' असे म्हणण्याचा त्याचा अधिकार जात नाही, असे ते सांगते. मूळ संगीतकाराचे नाव दिल्याने परवानगी मिळाली असे होत नाही, हे मुलांना नीट समजावून सांगावे लागते, कारण त्यांना वाटते की नाव दिले की सुटलो. नाव देणे हा अदब आहे, परवाना नाही. पण परवाना मिळाला म्हणून अदब माफ होत नाही, हेही तितकेच.

आमच्या वर्गात आता एक पद्धत पडून गेली आहे. कुणी काही बनवून आणले तर आधी फळ्यावर नावे लिहायची, मग ऐकायचे. 'टेट्रिस'च्या वेळी फळ्यावर नेक्रासोव्ह आणि तानाका ही दोन नावे आली, आणि तिसऱ्या ओळीत बांधणाऱ्या मुलाचे. 'कॉन्ट्रा'ची धून आणणाऱ्याला नाव शोधून आणायला परत पाठवले. तो अजून शोधतो आहे आणि दरम्यान त्याचे इंग्रजी वाचन सुधारले आहे.

त्या मुलीचे नाना एकेकाळी कव्वाली पार्टीत हार्मोनियमवर साथ करीत. पेटी अजून घरात आहे, भाता थोडा फाटलेला. अग्निमंदिराच्या चालीतला तो खड्डा तिने नानांच्या पेटीने भरला आहे. नुसता षड्ज-पंचम, लांबवलेला, आणि भात्याचा श्वासही त्यात ऐकू येतो. नानांनी तो पाच-सहा वेळा वाजवून दिला, प्रत्येक वेळी तिला हवा त्यापेक्षा जरा जास्त. फाइलच्या नावात तिने कोजी कोंडो, नानांचे नाव आणि शेवटी स्वतःचे असे लिहिले आहे. आपांनी ते ऐकले. अब्बांना अजून ऐकवायचे आहे. सध्या ती रचना दोन मिनिटे चाळीस सेकंदांची आहे, आणि शेवट जमत नाही म्हणून ती अडली आहे.